कोड चालला म्हणजे काम चालतं असं नाही

सप्टेंबर उजाडला की इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये नवी मुलं उतरतात आणि आठवड्याभरात मला ठरलेला फोन येतो : "दादा, डिलिव्हरीचं काम लगेच मिळतं म्हणे. तो शेअर कोड कुठून काढायचा?" हा कोड, म्हणजे ब्रिटनमध्ये कामाचा हक्क आहे हे ऑनलाइन दाखवायची खूण, पाच मिनिटांत निघतो. मी आधी विचारतो, व्हिसा कुठला?

स्टुडंट व्हिसा असेल तर डिलिव्हरू, उबर ईट्सचं काम तुमच्यासाठी नाही. "पण आठवड्याला २० तास चालतात ना?" चालतात, पण नोकरीत. या व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे, आणि ही अ‍ॅपं रायडरला नोकर मानत नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार मानतात. म्हणजे दोन तास केलेत तरी अट मोडलीच. स्किल्ड वर्कर व्हिसावाल्यांनाही शनिवार-रविवारी 'जरा वरचे पैसे' म्हणून हे करता येत नाही. ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षण संपल्यावरचा) किंवा डिपेंडंट (व्हिसावाल्याचे जोडीदार) असाल तर खुशाल करा.

विद्यार्थ्यांनी पगारी काम बघावं : सुपरमार्केट, गोदाम, हॉटेलचं किचन. काही पिझ्झावाले डिलिव्हरीची मुलंही पगारावर ठेवतात. हातात पेस्लिप पडणार का आणि कर कापून पैसे देणार का, एवढं विचारलंत की काम कुठल्या प्रकारचं ते कळतं. आणि मास्टर्सवाल्यांनो, उन्हाळ्यात वर्ग नसले तरी प्रबंध चालू असतो, ती सुट्टी नव्हे. तेव्हाही २० तासच. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात.

आता कोड. बीआरपी कार्डांचा, म्हणजे व्हिसाच्या प्लास्टिक ओळखपत्रांचा, जमाना २०२४ च्या अखेरीस संपला, आता ई-व्हिसा. सरकारच्या गव्ह डॉट यूके साइटवर यूकेव्हीआय (व्हिसा विभागाच्या) खात्यात शिरायचं, 'नोकरीसाठी' हा पर्याय निवडायचा. नऊ अक्षरी कोड येतो, ९० दिवस चालतो, पैसे पडत नाहीत. तो 'डब्ल्यू'ने सुरू होतो. घरमालकासाठी काढलेला 'आर'चा कोड इथे चालत नाही. निम्मी मुलं इथेच अडकतात. काम देणारा तो कोड आणि तुमची जन्मतारीख टाकतो की त्याला तुमचा फोटो आणि कामाच्या अटी दिसतात. त्याच अटी आधी स्वतः वाचा. नॅशनल इन्शुरन्स नंबर हा कामाच्या हक्काचा पुरावा नाही, तो करासाठी.

आपल्याकडची खास अडचण नावाची. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, बँकेत फक्त नाव-आडनाव. लग्न झालेल्या मुलींचं तर पासपोर्ट माहेरच्या नावाचा, बाकी कागद सासरच्या. फॉर्मवर पासपोर्टवर आहे तस्संच नाव लिहा. पासपोर्ट नवा काढलात तर नंबर ई-व्हिसा खात्यात बदलून घ्या.

राहिला दुसऱ्याचं डिलिव्हरी अकाउंट भाड्याने घेण्याचा प्रकार. कुणीतरी सांगेल, "माझं आयडी घे, आठवड्याला इतके दे, सगळेच करतात." परवानगी नसताना काम करणं हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, कमाईही जप्त होऊ शकते. अ‍ॅप आता मध्येच सेल्फी मागतं, तेव्हा खातं ज्याचं त्याचाच चेहरा लागतो.

माझ्याकडे वरच्या खोलीत राहणाऱ्या एका मुलाने तरीही केलं. नोव्हेंबरात रोज रात्री भिजून यायचा, जॅकेट रेडिएटरवर टाकायचा. तीन आठवड्यांचे पैसे खातेवाल्याच्या बँकेत गेले आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. तक्रार करायची कुणाकडे? पोलिसांत गेला असता तर पहिला प्रश्न याच्याच व्हिसाचा आला असता. मग पुढे तो एका बेकरीत पगारावर लागला. त्याची ती चौकोनी बॅग अजून माझ्या जिन्याखाली पडून आहे, आम्ही तिच्यात कांदे-बटाटे ठेवतो.