करिअर निवडीची धास्ती: मुलांना सावरायचं कसं?

'पुढे काय करायचं ठरवलंस?' या प्रश्नावर मूल गप्प बसलं किंवा चिडलं, तर लगेच कोर्सची माहितीपत्रकं पुढे करू नका. आधी अडलंय कुठे ते बघा. मानसशास्त्रज्ञ इतामार गाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली करिअर ठरवताना येणाऱ्या अडचणींचे तीन गट मांडले: मनाची तयारी नसणं, माहिती अपुरी असणं आणि मिळालेल्या माहितीचा एकमेकींशी मेळ न बसणं. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. तयारीच नसलेल्या मुलावर माहितीचा मारा केला की धास्ती वाढते, आणि घरोघरी नेमकं हेच होतं.

तयारी नसण्यामागे बहुधा 'एकदा चुकलं की आयुष्य गेलं' ही भीती असते. 'घाबरू नकोस' म्हणून ती जात नाही. एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे यंदा ठरवावंच लागेल ते तारखेसह लिहा, उजवीकडे नंतर ठरवलं तरी चालेल ते. डावी बाजू बहुतेक वेळा विषय निवडणं आणि एखादा अर्ज भरणं एवढ्यावरच संपते. प्रत्येक निर्णयापुढे 'बदलायचं झालं तर काय करावं लागेल?' याचंही उत्तर लिहा. हा कागद मुलाने स्वतःच्या हाताने लिहायला हवा. तुम्ही लिहिलात तर ती आणखी एक सूचना होते.

माहिती कमी असेल तर तीनच क्षेत्रं निवडा आणि प्रत्येकातल्या एका माणसाशी वीस मिनिटं बोलणं घडवून आणा. 'हे क्षेत्र कसं आहे?' असं विचारलं तर गुळगुळीत उत्तर मिळतं. त्याऐवजी मुलाने विचारावं: काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत? कुठलं काम कंटाळवाणं वाटतं? शिकताना सगळ्यात अवघड काय गेलं? जमल्यास एक दिवस सोबत राहून काम बघावं.

कलचाचणी करायला हरकत नाही, पण ती काय मोजते ते आधी समजून घ्या. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी सांगितलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या सहा प्रकारांवर बेतलेल्या आवडीच्या चाचण्या फक्त ओढ कुठे आहे ते दाखवतात. काम जमेल की नाही, हे त्या सांगत नाहीत. निकालातलं काय पटलं आणि काय नाही, हे मुलाला विचारा. खरी माहिती त्या उत्तरात असते.

तिसऱ्या गटात आई एक म्हणते, शिक्षक दुसरं आणि मनात तिसरंच असतं. अशा वेळी प्रत्येकाचं मत कारणासकट लिहून काढावं. 'पैसे मिळतात' हे कारण तपासता येतं. 'लोक काय म्हणतील' ही बोलणाऱ्याची काळजी असते, ती मुलाच्या यादीत नको.

हे बोलणं आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास पुरे. एरवी विषय काढू नका. जेवताना तर नकोच. मात्र झोप उडाली, भूक मेली, मूल शाळा टाळू लागलं आणि दोन आठवडे हे असंच चाललं, तर करिअरचा विषय बाजूला ठेवून समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकू आली, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी जा.