गणपतीला गाडीने कोकणात जाताना या चुका टाळा

गणपतीला गावी निघालेला चाकरमानी कोंडीत अडकला की मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामाला बोल लावतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले, तेव्हा मागच्या सीटवर झोपणारी मुले आता स्वतः गाडी चालवतात. तरीही सावंतवाडीला बारा तासांत पोहोचायचे की अठरा, हे बरेचसे पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याच्या अलीकडेच ठरलेले असते.

सर्वांत महागात पडणारी चूक निघण्याच्या वेळेची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कामावरून यायचे, जेवायचे आणि ‘रात्री रस्ता मोकळा असतो’ म्हणून अकराला निघायचे, हा हिशेब ठाण्यापासून विरारपर्यंत हजारो घरांत त्याच रात्री झालेला असतो, त्यामुळे या सगळ्या गाड्या वडखळला आणि पुढे माणगावला एकत्रच पोहोचतात. माणगावात रुंद रस्ता बाजारपेठेत शिरतो, एसटी स्थानकाच्या गाड्या मध्येच वळतात, त्यात ताम्हिणी घाटातून आलेली पुण्याची वाहतूक येऊन मिळते. कशेडीच्या बोगद्याने पुढे जो वेळ वाचणार असतो, तो इथे आधीच खर्ची पडतो. रजेचा एक दिवस मागे सरकवून दोन दिवस आधी पहाटे तीनला निघावे आणि उजाडता उजाडता माणगाव ओलांडावे.

दुसरी चूक म्हणजे अडकल्यावर पर्याय शोधणे. खोपोली-पाली मार्गे वाकणला निघालात तर पेण आणि वडखळ टळते, पण हा निर्णय पेणच्या रांगेत बसून घेता येत नाही. चिपळूण-गुहागरकरांना उंब्रज-पाटण मार्गे कुंभार्ली घाट, रत्नागिरी, लांजा आणि देवरुखकरांना कोल्हापूरहून आंबा घाट, कणकवलीकरांना राधानगरीवरून फोंडा घाट आणि सावंतवाडीकरांना निपाणी-आजऱ्यावरून आंबोली, असे पुण्यामार्गे जाणारे रस्ते उपलब्ध आहेत. अंतर वाढते, हे खरे; पण शंभर किलोमीटर जास्त चालवलेले पाच तास उभे राहण्यापेक्षा केव्हाही परवडते. मात्र खालापूर टोलनाका ते लोणावळा हा बोरघाटाचा चढ सुट्टीच्या दिवशी सकाळी तुंबतो, म्हणून तो उजाडण्यापूर्वी चढावा, आणि पावसात दरड कोसळून घाट बंद होतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. गेली काही वर्षे गणेशभक्तांना मिळणारा टोलमाफीचा पास पुणे-कोल्हापूर मार्गालाही चालत आला आहे. तो पोलीस ठाण्यातून किंवा आरटीओतून आधीच घ्यावा.

मोबाइलमधील नकाशाने दाखवलेल्या आतल्या वाटेवर डोळे झाकून वळणे, ही अलीकडची चूक. तीच वाट तो मागच्या दोनशे गाड्यांनाही दाखवत असतो. एका वर्षी आम्ही अशाच एका वाडीच्या रस्त्यावर वळलो. समोरून एसटी आली, तिला वाट देण्यासाठी चाक साईडपट्टीवर उतरवले आणि ते तांबड्या चिखलात अर्धे रुतले. गावकऱ्यांनी पोती टाकून गाडी काढली खरी, पण तोवर महामार्गावर आमच्या मागे असलेला शेजारी पोलादपूरला चहा पीत होता.

रांगेत उभे असताना अर्ध्या क्लचवर गाडी रेटत राहिल्यास घाटात जळका वास येऊ लागतो. त्यापेक्षा समोर दोन गाड्यांचे अंतर पडू द्यावे, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून पुढे जावे. थांबल्यावर न्यूट्रल आणि हँडब्रेक. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर लावावा आणि तरीही उतरला नाही तर कडेला थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. सीएनजीवाल्यांनी टाकी निघण्याच्या आदल्या दिवशीच भरून ठेवावी.

विरुद्ध बाजूने तिसरी रांग लावणाऱ्यांबद्दल काय लिहावे! समोरून गाडी आली की दोन्ही बाजू बंद पडतात आणि तो गृहस्थ काच खाली करून ‘पुढे काय झालंय?’ असे आपल्यालाच विचारतो.

परतीचा विचार तर बहुतेक जण करतच नाहीत. गौरी-गणपतीचे विसर्जन आटोपून त्याच रात्री सगळी वाडी मुंबईकडे निघते. शक्य असल्यास विसर्जनानंतरचा एक दिवस गावी काढावा आणि त्यापुढच्या पहाटे निघावे. तेवढ्यात घर आवरून होते आणि शेजाऱ्यांनी दिलेले नारळ नीट बांधून डिकीत ठेवायलाही सवड मिळते.