घरी केअरटेकर ठेवलीय? या चुका टाळा, आणि आधी पेशंटची पाठ बघा

हॉस्पिटलमधनं डिस्चार्ज मिळाला की नुसती धावपळ, संध्याकाळपर्यंत माणूस हवा असतो, मग वॉर्डात कुणीतरी दिलेल्या नंबरवर फोन लावायचा आणि पहिला प्रश्न काय तर "दिवसाचे किती?" रेट विचारा हो, पण आपल्याला नक्की कोण हवंय ते आधी ठरवा. अशी माणसं पुरवणारे ब्युरोवाले सरसकट सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात. एएनएम म्हणजे नर्सिंगचा 2 वर्षांचा कोर्स, जीएनएम 3 वर्षांचा, आणि यांचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन असतं, तो नंबर सरळ मागून घ्या. घरी येणाऱ्या बऱ्याच जणी मात्र अटेंडंट असतात. त्यात वाईट काहीच नाही, स्पंजिंग, डायपर, भरवणं यात मुरलेली मावशी एखाद्या नव्या सिस्टरपेक्षा भारी पडते. पण नाकातली नळी घालणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं हे तिचं काम नाही. "मावशी करतील सगळं" असं कुणी म्हणालं तर दुसरा ब्युरो बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खोली चकाचक, मावशी वेळेवर येतात, गोड बोलतात, म्हणून सर्व्हिस एकदम मस्त असं धरून चालणं. अहो, पांघरूण काढून बघा ना! माकडहाड, खुबे, टाचा, दोन दिवसांनी एकदा तरी स्वतः बघायचं. लाल झालेल्या जागी बोट दाबा, दाबूनही ती फिकी पडत नसेल तर बेडसोर, म्हणजे सतत पडून राहून होणारी जखम, सुरू झालाय. सावळ्या अंगावर लाली पटकन कळत नाही, तिथे काळपट डाग दिसतो का, ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का बघा. आणि तिथे तेल लावून चोळायचं अजिबात नाही, त्याने आणखी बिघडतं, डॉक्टरांना दाखवा.

अशा वेळी लगेच मावशीवर खेकसू नका, आधी एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरलेली गादी असेल, तर ती चेक करा. पंप चालू असतो पण पाइप पलंगाखाली मुरगळलेला, किंवा गादी थंड लागते म्हणून वरनं जाड गोधडी अंथरलेली, मग त्या गादीचा उपयोग काय? शिवाय एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही असं नसतं, डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर साधारण दर 2 तासांनी वळवायचंच.

बीपी वगैरे लिहायचा चार्ट भरलेला दिसला की आपण खूश! दुपारी 3 ला गेलात आणि रात्री 8 चं बीपी आधीच लिहून ठेवलेलं असेल, तेही रोज 120/80, तर तो चार्ट रद्दीत टाका. त्यापेक्षा न सांगता भरवण्याच्या वेळी जाऊन बसा. नाकातल्या नळीने भरवताना पलंगाची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर हवी आणि नंतरही अर्धा-एक तास तशीच, नाहीतर दिलेलं फुप्फुसात जायची भीती असते. युरीन बॅग पोटाच्या पातळीपेक्षा खाली पण जमिनीला न टेकता लटकवलेली हवी. लकवा झालेल्या माणसाला लुळा हात धरून उठवत असतील तर तिथल्या तिथे थांबवा, खांदा निखळतो.

कॅमेरा लावलात तर मावशींना सांगून लावा, आणि सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका. पेशंटला बोलता येत नसेल तर ती जवळ आल्यावर तो अंग आखडून घेतो का, दंडावर बोटांचे वळ आहेत का, हे तुम्हालाच बघावं लागणार. तसं काही दिसलं तर फोटो काढा, त्या मावशीला लगेच थांबवा, डॉक्टरांना दाखवा, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. 24 तासांची मावशी म्हणजे 24 तास जागी राहणारी बाई नव्हे! रात्री चारदा उठलेल्या बाईकडनं सकाळी घरची भांडी घासून घेतली तर दुपारी पेशंटची कूस बदलायची राहणारच, त्यात तिचा काय दोष. दर आठवड्याला नवीन मावशी येत असेल तर ब्युरोचं कमिशन कापून तिच्या हातात किती पडतात ते विचारा, बहुतेक उत्तर तिथेच मिळेल. आणि गणपतीत कोकणातल्या मावशी गावी जाणार हे ठरलेलंच आहे, त्यामुळे बदली आधीच मागून ठेवा आणि जुनी असतानाच नवीला एक दिवस तिच्यासोबत बसवा, दोघींचे पैसे द्यावे लागले तरी.