लकव्याचा पेशंट घरी आणण्याआधी: थेरपिस्टच्या भेटीची तयारी

डिस्चार्जची तारीख पक्की होण्याआधीच ऑक्युपेशनल थेरपिस्टला (पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) एकदा घर दाखवा. वॉर्डात पेशंट चार पावलं नीट टाकतो, कारण तिथे फरशी सपाट, दारं रुंद आणि पलंग उंच. घरात यातलं काहीच नसतं. सगळीकडे थेरपिस्ट आपणहून येत नाहीत, विचारावं लागतं, आणि तेही आठवडाभर आधी. येणं जमतच नसेल तर टेप हातात घेऊन व्हिडिओ कॉल करा. डॉक्टर हो म्हणाले तर पेशंटलाही दोन तास घरी न्या. तो आपल्याच पलंगावर बसून उठला की जे कळतं, ते नुसत्या मापांतून कळत नाही.

भेटीसाठी घर आवरू नका. चपला, पायपुसणी, वायरी रोज जिथे असतात तिथेच राहू द्या, तेच तर दाखवायचं आहे. टेप आणि वही लागतेच. व्हीलचेअरची रुंदी मात्र आधी मोजून ठेवा, चाकाबाहेरच्या कड्यांसकट. साधारण ६५ सेंटीमीटर भरते, आणि बोटं सोलली न जाता आत जायला दार ८० तरी हवं. बाथरूमचं दार बहुधा इथेच नापास होतं.

आता पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: प्रत्येक जागा जाताना आणि येताना, दोन्हीकडून बघायची. बाबांच्या वेळी आमच्याकडून हेच राहिलं. त्यांची उजवी बाजू गेलेली, म्हणून संडासात शिरताना डाव्या हाताला येईल त्या भिंतीवर आम्ही बार बसवला. आत जाताना छान धरता आला. कमोडवर बसायला वळले आणि तोच बार उजव्या, लुळ्या हाताकडे गेला. उठताना डावा हात रिकाम्या भिंतीवर चाचपडत राहिला आणि शेवटी त्यांनी टॉवेलची प्लॅस्टिकची दांडी धरली. ती स्क्रूसकट हातात आली. म्हणून बार दोन्ही भिंतींना, स्टीलचे, विटेत पक्के बसवलेले. नुसत्या टाइलवर चिकटवलेले नकोत. बसवल्यावर स्वतः लोंबकळून बघा.

जिन्याचंही तेच. चढताना डावीकडे असलेला कठडा उतरताना उजवीकडे येतो, म्हणजे कठडा दोन्ही बाजूंनी हवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी, हे थेरपिस्टकडून करवून घ्या, नुसतं ऐकू नका. पलंगाचंही तेच: खुर्चीवर जाताना आणि खुर्चीवरून परत येताना, दोन्ही वेळा चांगल्या बाजूनेच सरकायचं असतं. त्यामुळे परत येताना खुर्ची उलट तोंडाने लावावी लागते, आणि ती वळवायला पाच फूट मोकळी जागा लागते. भिंतीला चिकटवलेला दिवाण चालत नाही. जाताना आणि येताना. प्रत्येक दाराशी थेरपिस्टला हाच प्रश्न विचारा, त्या कंटाळल्या तरी विचारा.

पलंगाची उंची अशी, की बसल्यावर तळवे पूर्ण टेकावेत आणि गुडघे काटकोनात यावेत. दिवाण ठेंगणा असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे, पण हलणारे नकोत. हॉलमधली बंगई (झोपाळा) बांधून ठेवा किंवा उतरवा. सवयीने माणूस तिच्यावरच बसायला जातो आणि ती मागे सरकते.

उन्हाळ्यात डिस्चार्ज असेल तर कूलर विसरू नका. नागपूरच्या मे महिन्यात तो बंद ठेवता येत नाही, आणि त्याचा पाइप, वायर व टाकीतून ठिबकणारं पाणी नेमकं पलंग ते संडास या वाटेवर येतं. कमजोर पाय नीट उचलला जात नाही, तो वायरीत अडकतो. पाइप भिंतीकडेने न्या. रात्री ही वाट दिवा लावून आणि न लावता, दोन्ही तऱ्हेने चालून बघा. आणि परतही.

दारच्या पायऱ्या मोजा. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट उतार लागतो, म्हणजे नागपुरातल्या महाल-इतवारीच्या जुन्या घरांत चार पायऱ्यांना उतार गल्लीत मावणारच नाही. तिथे उतार करण्याचा हट्ट सोडा आणि कठड्याचं बघा. दोन्ही बाजूंचा.

डाव्या बाजूचा लकवा असलेल्या काहींना डावीकडचं भानच राहत नाही. नजर चांगली असूनही चौकटीवर आदळतात, ताटातला डावा भाग तसाच ठेवतात. आपल्या पेशंटला हे आहे का, ते भेटीतच विचारा.

अंघोळीला पाठीची खुर्ची, बादली-मग चांगल्या बाजूला. पाणी कमजोर हाताने तपासू देऊ नका, संवेदना कमी असेल तर चटका कळत नाही. उठवताना लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा निसटतो. घरात जे कोणी सांभाळणार त्या सगळ्यांना, रात्रीच्या बाईलाही, वॉर्डातच एकदा उठवायला-बसवायला लावा.

बाकी थोडक्यात: गोळ्यांचा तक्ता, बीपीचं मशीन, फिजिओची वेळ, पुढच्या तपासणीची तारीख. १०८ फोनजवळ लिहून ठेवा. सुतार आणि प्लंबर डिस्चार्जच्या आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधी बोलवा, ते सांगितलेल्या दिवशी येत नाहीत.