भाची गायब करण्याची कृती

मे महिन्यात नऊ वर्षांची भाची राहायला आली की तिसऱ्या दिवसापासून "मामा, कंटाळा आला" सुरू होतं. यंदा मी तिला गायबच करून टाकलं. फोन, खुर्ची, जुनी चादर आणि मदतीला आणखी एक माणूस, एवढंच लागतं.

युक्ती माझी नाही, पॅरिसच्या जॉर्ज मेलिएस या सुरुवातीच्या काळातल्या सिनेमावाल्याची. हा मुळात जादूगार. रोबेर-उदाँ हे जादूचं थिएटर त्याने १८८८ मध्ये विकत घेतलं होतं. खुर्चीतली बाई कापडाखालून नाहीशी करण्याचा खेळ तेव्हा रंगमंचावर गाजलेला. खुर्चीखाली वर्तमानपत्र पसरायचं, म्हणजे खाली चोरदार नाही अशी लोकांची खात्री पटते. प्रत्यक्षात कागदालाच झडप असे आणि बाई त्यातून खाली सटके. १८९६ मध्ये मेलिएसने हाच खेळ पडद्यावर आणला. कॅमेरा थांबवून बाईला बाजूला करता येत होतं, म्हणजे आता चोरदाराची गरजच नव्हती, तरी पठ्ठ्याने वर्तमानपत्र तेवढं व्यवस्थित पसरलं! तुम्हीही पसरा. त्याशिवाय मजा नाही.

फोन कशाला तरी पक्का टेकवा. आम्ही स्टुलावर पोह्यांचा डबा ठेवला आणि त्याला टेकवून फोन सुतळीने बांधला. पंखा बंद, पडदे बांधलेले, भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलेलं. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो, तो करा. तरीही ढग आला तर थांबा. आमचा पहिला प्रयत्न ढगानेच खाल्ला: भाची उन्हात बसली आणि सावलीत गायब झाली. खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करा.

आता रेकॉर्डिंग सुरू करा आणि मध्ये बंद करू नका. बटण दाबायला गेलात की फोन हललाच. भाचीला खुर्चीत बसवा, नमस्कार करायला लावा, चादर डोक्यावरून टाका. चादरीची दोन टोकं हातात घ्या आणि ओरडा, "स्टॅच्यू!" तुम्ही पुतळा. तिने खालून सरपटत बाहेर पडायचं. त्या वेळी मदतीच्या माणसाने, आमच्याकडे ताईने, मागून चादर उचलून धरायची, मग खुर्चीवर अलगद सोडून फ्रेमबाहेर जायचं. ती गेली की चादर जोरात ओढा, हवेत उडवा आणि रिकाम्या खुर्चीवर स्वतः बसून दाखवा.

खरी जादू कापण्यात आहे. मेलिएस कॅमेरा थांबवायचा आणि माणूस बदलायचा, एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण थांबवल्यावर तो फिल्म कात्रीने कापून, नेमकी जुळवून चिकटवायचा. नुसतं थांबवलं तर झटका दिसतो. फोनमध्ये सेकंदाला बहुधा ३० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, असतात, तेव्हा व्हिडिओ मोठा करून एकेक फ्रेम सरकवा आणि "स्टॅच्यू"पासून ताई बाहेर जाईपर्यंतचा मधला भाग कापून टाका. "स्टॅच्यू"च्या आधी हात जिथे होता, तिथेच तो पुढच्या तुकड्यात हवा. चादरीच्या चुण्या मात्र कधीच जुळत नाहीत. त्यामुळे दुसरा तुकडा चादर हलू लागल्यापासूनच घ्या. हलत्या कापडाच्या चुण्या कोण मोजतंय? या एका जोडावर माझी अख्खी संध्याकाळ गेली. चार फ्रेम जास्त ठेवल्या होत्या, बस.

आपले दादासाहेब फाळकेही सिनेमाआधी जादूचे प्रयोग करत. आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा! पुढे १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून रोप झरझर वाढताना दाखवलं. भाचीला हे सांगितल्यापासून आमच्या खिडकीत वाटाण्याची कुंडी आहे आणि फोन रोज सकाळी नऊला तिचाच.

शेवटी आवाज पुसून टाका, नाहीतर "स्टॅच्यू"चं अर्धं "स्टॅ" ऐकू येतं. आणि कुणी कितीही म्हटलं तरी एकदाच दाखवा. आमच्या आईने "परत लाव गं" म्हटलं, भाचीने लावलं, आणि दुसऱ्या खेपेला आईने चष्मा सारखा करत विचारलं, "पोरगी गेली, मग तिची एक चप्पल खुर्चीखाली कशी?"