मागचे पाय गेलेला कुत्रा घरी आणताय? आधी लघवी काढायला शिका

उसाच्या ट्रॉलीखाली किंवा मोटारसायकलच्या धडकेत कंबर मोडलेलं जनावर घरी आणायचं ठरलं, की लोक आधी चाकाच्या गाडीची चौकशी करतात. गाडी नंतर. अशी पाच कुत्री सांभाळल्यावर सांगते, सगळं अडतं ते लघवीपाशी.

आणण्याआधी एक्स-रे आणि रेबीजची लस उरका. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अपघात कुणी पाहिलेला नसेल, पाय अचानक लुळे पडले असतील आणि लाळ गळत असेल, तर हात लावू नका, डॉक्टरांना बोलवा. रेबीजमध्येही असंच होतं.

आता मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी. मणका दुखावला की लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. "ठिबकतंय ना, मग होतंय की मोकळं," असं मला सगळ्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं. माझी पहिली कुत्री चंपी, तिच्याखालचं पोतं रोज ओलं व्हायचं, मी निर्धास्त. नवव्या दिवशी लघवीत रक्त, अंगात ताप, भाकरीला तोंड लावेना. पिशवी काठोकाठ भरली की वरचं तेवढं सांडतं, आतलं तसंच साचून राहतं आणि जंतू वाढतात. ठिबकणं म्हणजे मोकळं होणं नव्हे.

कुत्र्याला कुशीवर झोपवा किंवा आधार देऊन उभं करा. हातमोजे घाला, लेप्टो हा माणसालाही होणारा आजार लघवीतूनच पसरतो. मागच्या पायांच्या अगदी पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना तळवे सपाट ठेवा. बोटांची टोकं रुतवू नका. मध्यम अंगाच्या कुत्र्यात मोसंबीएवढा ताणलेला फुगा हाताला लागतो. तीच पिशवी. दोन्हीकडून सावकाश दाब वाढवत शेपटीकडे न्या आणि तसाच धरून ठेवा. धार लागली की हात ढिला सोडायचा नाही. थांबली की जरा दम घेऊन पुन्हा एकदा दाबा. रिकामी पिशवी हाताला जवळजवळ लागतच नाही.

हे दिवसातून तीन-चार वेळा, सणवार असो की लग्न.

धार येत नसेल तर जोर करू नका, पिशवी फुटू शकते. काहींचा तिथला स्नायू आवळलेला असतो, त्यावर डॉक्टर गोळी देतात. आणि व्हिडिओ पाहून हे शिकू नका. एका डॉक्टरांनी मला "जमेल हो" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यांनी माझ्या हातावर हात ठेवून दाब किती तो दाखवला, तेव्हा कुठे जमलं. तसंच दाखवायला सांगा, लाजू नका. लघवी गढूळ झाली, घाण वास आला, तर त्याच दिवशी दाखवा.

लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडणारे लोक पाहिलेत. असं करू नका. एप्रिल-मेमध्ये फरशी तापते, त्याला स्वतःहून सावलीला सरकता येत नाही. भांडं तोंडाशी हवं.

अंथरायला जाड वाकळ, दर चार तासांनी कूस बदला, ओलं अंग धुऊन कोरडं करा. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या अजिबात नाहीत.

गाडी पीव्हीसी पाइपची चालते, पण माप घेऊनच करा. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरे. तिच्यात त्याला आडवं होता येत नाही, म्हणून शेजारून हलू नका. आणि बांधण्याआधी लघवी काढा. भरल्या पिशवीवर पट्टा काचतो.