कॉलेजच्या लायब्ररीनं पोट्ट्यांच्या अभ्यासाला खरंच हातभार लावायचा असेल तर

पहिले एक काम करा, ॲडमिशननंतर ओरिएंटेशनच्या नावाखाली शे-दीडशे पोट्ट्यांना रांगेनं लायब्ररी फिरवून आणता ना, ते बंद करा. त्या दिवशी त्यांना कँटीन कुठं आहे तेच पाहायचं असते, ओपॅक (लायब्ररीचा कॉम्प्युटरवरचा कॅटलॉग) नि पुस्तकं विषयवार लावायचे ड्यूईचे नंबर कोणाच्या डोक्यात राहत नाहीत. तो वेळ राखून ठेवा, सरांनी प्रोजेक्टचा विषय दिला की त्याच आठवड्यात वर्गात वीस-पंचवीस मिनिटं मागून घ्या.

वर्गात गेल्यावर लायब्ररीची स्तुती करत बसू नका, त्यांचाच एक विषय घेऊन शोधून दाखवा. समजा कोणाचा संत्र्यावर प्रोजेक्ट आहे, तो गूगलवर 'नागपूर ऑरेंज' टाकतो नि बातम्या चाळत बसतो. त्याला सांगायचं, बाबू 'मँडरिन' टाकून पाहा, 'सिट्रस रेटिक्युलाटा' हे शास्त्रीय नाव टाकून पाहा, बाजारावर लिहायचं असेल तर जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) जोड, नागपुरी संत्र्याला तो 2014 मध्ये मिळाला म्हणजे त्याच्या आधीचं नि नंतरचं वेगळं काढता येते. आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आपल्याच नागपुरात अमरावती रोडवर आहे, हे बऱ्याच पोट्ट्यांना माहीतच नसते! शब्द बदलला की समोर काय काय येते हे एकदा डोळ्यानं दिसलं की पुढचं ते स्वतः करतात.

मग शोधगंगा उघडा, भारतातल्या विद्यापीठांच्या थिसिसची वेबसाइट. फुकट आहे, पीएचडीचे थिसिस चॅप्टरवार पीडीएफमध्ये मिळतात. पण इथं सांभाळा, नुसती लिंक दिली तर पोट्टे चॅप्टरच उचलतात. त्यांना थेट शेवटची संदर्भसूची उघडायला लावा, त्यातले पाच संदर्भ निवडायचे, आपल्याकडे कोणते आहेत ते ओपॅकवर पाहायचं, बाकीचे मिळवून द्यायचं काम तुमचं.

एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल नि ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेचं, तर विचारू नका. पैसे कॉलेज भरते, नॅकच्या (कॉलेजला ग्रेड देणारी संस्था) फाइलीत पावती लागते, आणि पोट्ट्यांकडे पासवर्डच नसतो. नावं-ईमेल कॉलेजलाच चढवावे लागतात, तर लवकर चढवा आणि वर्गात सगळ्यांना मोबाईलवर लॉगिन करायला लावूनच बाहेर पडा.

अडलेला पोट्टा लायब्रेरियनच्या केबिनमध्ये येत नाही, काउंटरवरच्या दादाला विचारतो. म्हणून दादालाही हे सगळं शिकवा. वाचकाचा वेळ वाचवा असं ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथनांनी 1931 मध्येच सांगितलं, आपण ते फ्रेम करून भिंतीवर टांगलं नि झालं.

टायमिंगचं म्हणाल तर रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवा असं सगळेच म्हणतात, हॉस्टेलवाल्यांसाठी ते बरोबरच आहे, पण काटोल, सावनेर, उमरेडहून एसटीनं येणाऱ्याला संध्याकाळची गाडी पकडायची असते, त्याला सकाळी आठला दार उघडं पाहिजे. उन्हाळी परीक्षेत पारा 45 च्या आसपास जाते, भाड्याच्या खोलीत अभ्यास होत नाही बाप्पा, तर मार्चमध्येच कूलरचं गवत बदलून घ्या. ज्या पुस्तकावर सगळ्यांची उडी पडते त्याची एक प्रत दिवसा बाहेर जाऊ देऊ नका, संध्याकाळी द्या नि सकाळी परत घ्या.

फायदा झाला का हे गेटवरच्या सह्यांवरून कळत नाही. सेमिस्टर संपलं की सरांकडून थोडे प्रोजेक्ट मागून फक्त संदर्भसूची पाहा, विकिपीडियाच्या जागी जर्नल नि थिसिस दिसून राह्यले का. सर पीरियडच देत नसतील तर सगळ्या डिपार्टमेंटच्या मागं लागू नका, ज्यांच्यासोबत चहा पिता त्या एका सरांपासून सुरू करा, लेखी पत्रव्यवहार नंतर, नॅकला लागलाच तर.